डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एक शल्यवैद्य

सोलापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चादर आठवते, गड्ड्याची यात्रा आठवते, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आठवते. इतिहासाचा विद्यार्थी असेल तर त्याला १९३० सालचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात. पण येथून हजारो मैलांवर असलेल्या चीन देशात सोलापूरचे नाव एका वेगळ्याच कारणाने माहीत आहे. तेथील शिजियाझुआंग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत एका सोलापूरकराचा पुतळा उभा आहे. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. आपण त्यांना डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हणतो.

कोटणीसांचे नाव आपल्या गावात नवीन नाही. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ साली आला आणि ते नाव देशभर झाले. जयंती-पुण्यतिथीला भाषणे होतात. त्या भाषणांतून त्याग, मैत्री, मानवता, अमरत्व असे शब्द आपल्या कानावर पडतात. हे शब्द खोटे नाहीत. परंतु ह्या शब्दांच्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करीत असे? उत्तर सरळ आहे. तो जखमी माणसांचे वाहणारे रक्त थांबवीत असे. तो शल्यवैद्य होता. तातडीच्या शस्त्रक्रिया करणे हे त्याचे काम होते आणि त्या कामातच त्याचे आयुष्य खर्ची पडले. प्रस्तुत लेखात कोटणीसांकडे मुख्यत्वे ह्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय आणि भावंडे बरीच, दोन भाऊ आणि पाच बहिणी. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. भोंग्यावर गाव उठत असे आणि भोंग्यावर जेवत असे. कापसाचे दर, मजुरांचे संप, दुष्काळ आणि स्वातंत्र्याची चळवळ या सर्वांचे पडसाद ज्या गावात एकाच वेळी उमटत होते, त्या गावात हा मुलगा वाढला.

ते ऐन विशीत येत असताना मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार झाला आणि पाठोपाठ लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. ज्या तरुणाच्या गावात हे सारे घडले, त्याला पारतंत्र्य म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईस गेले. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. भारतीय डॉक्टरांनीच शिकवावे आणि भारतीय डॉक्टरांनीच चालवावे, हा या संस्थेच्या स्थापनेमागील आग्रह होता. कोटणीस तेथून १९३६ साली पदवीधर झाले आणि पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीस लागले. पुढची वाट आखलेली होती. परीक्षा द्यायची, नाव कमवायचे, सोलापुरात किंवा मुंबईत दवाखाना काढायचा आणि बहिणींची लग्ने लावून द्यायची. मोठ्या कुटुंबातील शिकलेल्या मुलाकडून घरचे लोक एवढीच अपेक्षा करीत.

पाच जणांचे पथक

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. चिनी सैन्याजवळ माणसे होती, पण डॉक्टर नव्हते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ च्या उन्हाळ्यात देशाला आवाहन केले. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी बावीस हजार रुपये जमा केले आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले.

अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी काम केलेले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे वयाने सर्वांत वडील होते. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे आपले सोलापूरचे कोटणीस. अशा रीतीने पाचांतील दोघे मराठी होते. चोळकरांचे नाव आपण विसरलो आहोत. साठीच्या घरात असताना परदेशी युद्धभूमीवर जाणाऱ्या या गृहस्थांची नोंद महाराष्ट्राने अधिक आस्थेने घ्यायला हवी होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथकाने मुंबई सोडली. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झालेले नव्हते. कँटन, हँकौ, यिचांग असा प्रवास करीत हे लोक चुंगकिंगला पोहोचले. जपानी फौजा मागोमाग येत होत्या आणि शहरे एकापाठोपाठ एक पडत होती. चुंगकिंगमध्ये ह्या पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. तेथेच कोटणीसांचे के दिहुआ झाले.

१९३९ च्या जानेवारीत घरून पत्र आले. वडील गेले होते. मोठे कुटुंब मागे होते, घरची स्थिती कठीण होती. सोबत्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला आणि त्या सल्ल्याला कोणी नावे ठेवली नसती. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय बरोबर होता की नाही, हे ठरविणारे आपण कोण? एवढे मात्र म्हणता येईल की सोलापुरातल्या त्या घराने या निर्णयाची किंमत मोजली. त्यागाची गोष्ट सांगताना आपण नेहमी जाणाऱ्याचीच गोष्ट सांगतो. मागे राहिलेल्यांनी केलेला त्याग कोठे लिहिला जात नाही. तो तितकाच खरा असतो.

येनान आणि पलीकडे

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. माओ त्से-तुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे ठाणे म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांचे गाव. रुग्णालयेही गुहांतच होती. तेथे काही महिने काम केल्यानंतर चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी भारतात परतले. उरलेल्या तिघांनी प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला आणि १९३९ च्या अखेरीस ते पूर्वेकडे निघाले. वाटेत जपान्यांच्या चौक्या होत्या. त्यांच्या पहाऱ्यातील रेल्वेमार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडावे लागत. पुढे अटल यांना त्वचेच्या विकारामुळे परतावे लागले. आता कोटणीस आणि बसू असे दोघेच राहिले.

ज्या भागात त्यांना जायचे होते तेथे कॅनडाचे विख्यात शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. स्पेनच्या युद्धात गाडीतून रक्त नेऊन थेट आघाडीजवळ जखमींना ते देण्याची व्यवस्था बेथ्यून यांनी उभी केली होती. चीनमध्ये आल्यावर त्यांनी एक नियम घालून दिला : जखमी डॉक्टरकडे येईपर्यंत थांबू नये, डॉक्टरने जखमीकडे जावे. त्यासाठी त्यांनी खेचराच्या पाठीवर लादता येईल असा एक लाकडी सांगाडा बनवून घेतला. त्यात शंभर शस्त्रक्रियांना पुरेल इतके साहित्य मावत असे. मात्र आपले भारतीय डॉक्टर तेथे पोहोचण्यापूर्वीच बेथ्यून गेले. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली होती. हातात रबरी मोजे नव्हते. जखमेत जंतू शिरले, ते रक्तात पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. शल्यवैद्याला स्वतःच्या हाताचाही भरवसा नाही, असे ते युद्ध होते.

१९४० च्या जूनमध्ये कोटणीस आणि बसू हपै प्रांतातील तांग परगण्यात बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभास उपस्थित होते. त्या समारंभास आलेल्या लोकांत ग्वो छिंगलान नावाची एक परिचारिका-शिक्षिकाही होती. पुढे बसू येनानला परत गेले. कोटणीस तेथेच राहिले. बेथ्यून यांची रिकामी जागा त्यांच्या वाट्याला आली.

रक्त आणि वेळ

शल्यवैद्याचे काम म्हणजे नेमके काय, हे आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना जरा समजून घ्यावे लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. मोठी रोहिणी तुटली तर त्यातील निम्मे रक्त काही मिनिटांत निघून जाते. मेंदू आणि मूत्रपिंडे रक्ताविना फार वेळ तग धरू शकत नाहीत. म्हणून रक्तस्रावाच्या रोग्याच्या बाबतीत घड्याळ हाच खरा शत्रू असतो. आधी स्राव थांबवायचा आणि मग बाकी सारे, हा क्रम कधीही बदलत नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. रक्तदाब उतरला की स्रावाचा जोर कमी होतो आणि तुटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. अशा वेळी स्राव न थांबवता शिरेतून भराभर द्रव दिला तर दाब वाढतो, गुठळी सुटते आणि उरलेले रक्तही जाते. चांगल्या हेतूने केलेला उपचार रोग्याच्या जिवावर बेततो. औषध कधी द्यावे याइतकेच ते कधी देऊ नये हे कळणे महत्त्वाचे, हा धडा शल्यशास्त्राने युद्धभूमीवर गिरवला.

कोटणीसांच्या हाताशी काय होते? पेनिसिलीन अजून बाजारात आलेले नव्हते. सल्फा गटाची औषधे निघाली होती, पण नाकेबंदीमुळे ती क्वचितच मिळत. भुलीचे औषध अपुरे पडे. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हापुन्हा वापराव्या लागत. शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील फळी किंवा देवळाचा ओटा. तुटलेली रोहिणी शिवून पुन्हा चालू करण्याचे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते, पण रणांगणावर ते जवळजवळ अशक्यच होते. त्यामुळे रोहिणी बांधून टाकायची, एवढाच उपाय उरत असे. रक्त थांबे, जीव वाचे, पण त्या रोहिणीवर जगणारा हात किंवा पाय अनेकदा मरे.

ही अडचण केवळ चीनच्या डोंगरांत होती असे नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याच्या २,४७१ रोहिणी-जखमांचा अभ्यास मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमिऑन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. जगातील सर्वांत संपन्न सैन्यातही रोहिणी शिवण्याचा प्रयत्न फक्त ८१ जखमींवर झाला होता आणि रोहिणी बांधलेल्या जखमींपैकी जवळजवळ निम्म्यांना हात किंवा पाय गमवावा लागला होता. यावरून कोटणीसांच्या कामाचे मोल करावे. ज्या मर्यादांवर संपन्न राष्ट्रांनाही मात करता आली नव्हती, त्याच मर्यादांत ते खेचरावरच्या सामानानिशी काम करीत होते.

१९४० च्या ऑगस्टपासून चिनी सैन्याने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. तिला शंभर पलटणींची मोहीम म्हणतात. या मोहिमेतील एका लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी कोटणीसांच्या केंद्रात आले आणि त्यांनी पाचशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सलग बहात्तर तास ते झोपेविना उभे होते. पाचशे हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. त्याचा थोडा हिशेब करून पाहावा. दिवसाला सुमारे चाळीस शस्त्रक्रिया. एक उरकते न उरकते तोच पुढचा जखमी समोर, आणि तोफांचा आवाज जवळ आला की सारे आवरून दुसऱ्या गावी जायचे. इतक्यांतून आधी कोणाला घ्यायचे, कोणाला थांबवायचे आणि कोणाच्या बाबतीत आता काही उपयोग नाही, हे ठरविणाराही तोच एक माणूस. आपल्याला वाटते शल्यवैद्याची परीक्षा हाताच्या कौशल्यात असते. तिचा अधिक कठीण भाग ह्या निवडीत असतो.

शिक्षक कोटणीस

१९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे एखादी मोठी इमारत असेल असे समजू नये. जखमी माणसे गावोगावच्या घरांत विखरून ठेवलेली असत. जपानी तुकड्या झडती घेत आल्या की गावकरी त्यांना डोंगरात हलवीत. जोडीला बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. तेथे कोटणीस शल्यशास्त्र शिकवीत. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. त्यांना इंग्रजी येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली, ती केवळ बोलण्यापुरती नव्हे तर वर्गात शास्त्र शिकवता यावे इतकी. पुढे त्याच विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली.

आमच्या मते कोटणीसांच्या आयुष्यातील हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो आणि सर्वांत अधिक सांगण्यासारखा आहे. एक शल्यवैद्य दिवसाला चाळीस शस्त्रक्रिया करील, पण तो गेला की सारे संपले. त्याने चाळीस जण तयार केले तर काम चालू राहते. शास्त्र लोकांच्या भाषेत आणावे की नाही, यावर आपल्याकडे अनेक परिसंवाद झडले आहेत. आपल्या गावच्या या माणसाने ते परक्या भाषेत, युद्धाच्या धामधुमीत, तेलाच्या दिव्याखाली बसून केले.

१९४१ सालीच ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ७ जुलै १९४२ रोजी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

विणलेली नळी

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, पण ते अगदी अस्थानी नाही. कोटणीस ज्या ठिकाणी अडत होते, तेथून शल्यशास्त्र पुढे कसे गेले हे पाहिल्याशिवाय त्यांचा काळ नीट कळत नाही.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. ती छातीतून पोटात उतरते. पोटातील भागात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. काही माणसांत, विशेषतः उतारवयातील आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, तिची भिंत कमकुवत होऊन तिला फुगा येतो. याला रोहिणीविस्फार म्हणतात. फुगा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो फुटण्याचा धोका बराच वाढतो. फुटला तर पाठीत किंवा पोटात एकाएकी असह्य कळ येते, घाम फुटतो, माणूस कोसळतो. अनेक जण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. जे पोहोचतात त्यांना पाठीकडच्या ऊतींनी आणि गुठळीने थोडा वेळ मिळवून दिलेला असतो. तेवढ्या वेळात शल्यवैद्याने पोट उघडून फुग्याच्या वरच्या बाजूला चिमटा लावायचा असतो. तत्त्व तेच, तांग परगण्यातले : आधी स्राव थांबवा, आणि तो थांबेपर्यंत द्रव देण्याची घाई करू नका.

कोटणीसांच्या हयातीत या रोगावर खात्रीचा इलाज जगात कोठेही नव्हता. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली रूडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. तेवढ्यावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला. तोवर नवी शस्त्रक्रिया निघाली होती, पण त्यांनी ती नाकारली आणि शांतपणे मरण पत्करले.

ती नवी शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये १९५१ साली शार्ल दुबोस्त यांनी प्रथम यशस्वी केली. फुगलेला भाग कापून काढून त्यांनी तेथे मृत माणसाची रोहिणी जोडली. १९५३ साली अमेरिकेत हेन्री बानसन यांनी फुटलेल्या महारोहिणीचा रोगी शस्त्रक्रियेने वाचविला. पण मृतांच्या रोहिण्या मिळवणार किती आणि टिकणार किती? याचे उत्तर कापडात सापडले. आर्थर वुरहीस यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी रोहिणीच्या जागी बसवून पाहिली. कापडाच्या छिद्रांत रक्त गोठते, आतून अस्तर धरते आणि नळी गळायची थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर डिबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून घरच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या आणि पुढे वस्त्रोद्योगातील तंत्रज्ञांच्या मदतीने त्या यंत्रावर विणल्या जाऊ लागल्या.

विणकरांच्या गावातील वाचकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ताणा आणि बाणा किती घट्ट, वीण किती दाट, कापड किती आटेल, हे जे प्रश्न आपल्या पूर्वभागात मागावर बसलेल्या माणसाला रोज पडतात, तेच प्रश्न जगातील थोर शल्यवैद्यांना पडले होते. कोरियाच्या युद्धात रोहिणी बांधण्याऐवजी शिवण्याचा प्रघात पडला आणि हात-पाय कापावे लागण्याचे प्रमाण निम्म्यावरून शेकडा तेराच्या आसपास आले. आता तर जांघेतील रोहिणीतून घडी केलेली नळी आत सरकवून अनेक रोग्यांत पोट न उघडताही विस्फारावर उपाय करता येतो. तशी पहिली शस्त्रक्रिया १९९० साली अर्जेंटिनात झाली.

हे सारे कोटणीसांच्या मृत्यूनंतरचे आहे. ते जगते तर कोरियाच्या युद्धाच्या वेळी चाळिशीत असते. त्यांनी रोहिणी बांधण्याऐवजी शिवायला शिकविली असती.

अखेर

पण तसे व्हायचे नव्हते. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. वरिष्ठांनी त्यांना उपचारासाठी बाहेर जाण्याची सूचना केली. जखमींना आणि विद्यार्थ्यांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. शल्यशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकाचे लेखन चालू होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री त्यांना पुन्हा झटके आले आणि ते थांबेनात. ९ डिसेंबरच्या पहाटे तांग परगण्यातील गगोंग या खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पुस्तक पावणेदोनशे पानांवर थांबले.

ज्या माणसाने शेकडो लोकांचे जीव वाचविले, त्याला वाचविण्याजोगे औषध त्या खेड्यात नव्हते. त्यांना आधी त्याच परिसरात, बेथ्यून यांच्याजवळ चिरविश्रांती देण्यात आली. नंतर दोघांच्याही समाध्या शिजियाझुआंगला हलविण्यात आल्या. माओ, झू दे आणि सुंग छिंगलिंग यांनी त्यांच्यावर शोकलेख लिहिले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाची हकीकत पुस्तकरूपाने १९४४ साली मांडली आणि त्यावरूनच पुढे चित्रपट झाला.

यिनहुआने वडिलांच्याच मार्गाने जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतले, पण पदवी हाती पडण्यापूर्वी १९६७ साली तोही गेला. पंचवीस वर्षांचे आयुष्य. छिंगलान भारतात अनेकदा येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, पुढेही संबंध कधी निवळले, कधी बिघडले. पण चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटण्याची प्रथा त्यांनी पाळली. भारताच्या टपाल खात्याने १९९३ साली त्यांच्यावर तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले असून ते २०१२ साली लोकांसाठी खुले झाले.

आपल्यासाठी

कोटणीसांकडून आपण काय घ्यावे? प्रत्येकाने परदेशी जाऊन प्राण द्यावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या आयुष्याला नुसता त्याग म्हणून आपण मोकळे होतो, कारण त्याग म्हटले की ते आपल्या आवाक्याबाहेरचे होते आणि आपल्यावर काही जबाबदारी उरत नाही. त्यांनी जे केले ते काम होते. ते शिकता येते, शिकविता येते आणि वाटून घेता येते.

आज आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९६३ साली निघाले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तरीही करमाळ्याच्या, मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या एखाद्या वाडीवर रात्री दोन वाजता कोणाच्या पोटात रक्तस्राव झाला, मग तो फुटलेल्या महारोहिणीमुळे असो, अडलेल्या बाळंतिणीचा असो की अपघाताचा, तर त्याच्यापुढे तोच प्रश्न उभा राहतो जो १९४० साली तांग परगण्यातील जखमी शिपायापुढे होता. रक्त संपण्याच्या आत हात पोहोचतील का? हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही. रक्त देणारा विद्यार्थी, रस्ता मोकळा करून देणारा गाडीवाला, लक्षणे ओळखून दिरंगाई न करणारा घरातील माणूस हे सारे त्या उत्तराचे भाग आहेत. आपल्या महाविद्यालयात रक्तदान शिबिराचा फलक लागला की त्याकडे पाहून पुढे जाण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.

बेथ्यून गेल्यावर त्यांची जागा कोटणीसांनी घेतली. कोटणीस गेल्यावर त्यांनी तयार केलेले विद्यार्थी कामाला उभे राहिले. सोलापूरच्या ह्या थोर शल्यवैद्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.